"देवाची इच्छा" असं म्हणण्याआधी

आजचं वाचन: उत्पत्ती ५०:१५–२१
सोबत वाचा: लूक १३:१–५, योहान ११:१७–४४, प्रेषितांची कृत्ये ४:२३–३१



आजचं मनन रोजच्यापेक्षा मोठं आहे. बसमध्ये उभ्यानं वाचत असाल तर सेव्ह करून ठेवा आणि रात्री बायबल जवळ घेऊन निवांत वाचा. हा विषय मी दोन वर्षं टाळत आले.

दोन वर्षांपूर्वी माझ्या हॉस्टेलच्या रूममेटचं पहिलं बाळ अकराव्या दिवशी गेलं. लग्नानंतर ती आमच्याच मंडळीत आली होती. बाळ वेळेआधी जन्मलं, काचेच्या पेटीत होतं, आणि आमचा युथचा ग्रुप आळीपाळीनं रात्रंदिवस प्रार्थना करत होता. मी रात्री दोन ते तीनची वेळ घेतली होती. बातमी आली तेव्हा मी ऑफिसमध्ये होते. फोन करायची हिंमत झाली नाही. मग व्हॉट्सॲपवर तिला रोमकरांस पत्र ८:२८ पाठवलं आणि खाली लिहिलं, "देवाची इच्छा. यातही त्याची काहीतरी चांगली योजना असेल." शेवटी जोडलेले हात.

निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर तीन दिवसांनी आलं. एकच ओळ.

"म्हणजे हे देवानं केलं?"

मी टाईप करत राहिले आणि खोडत राहिले. 'नाही' लिहावं तर मग देवाच्या हातात काय होतं? रात्री दोन वाजता आम्ही कोणाला हाक मारत होतो? 'हो' लिहावं तर मी कुठल्या देवाविषयी बोलतेय? शेवटी काहीच पाठवलं नाही. त्यानंतर ती कित्येक महिने चर्चला आली नाही. त्यात माझ्या त्या मेसेजचाही वाटा होता, हे मला आतून ठाऊक होतं.

तिच्या त्या एका ओळीमुळे मी पुन्हा बायबल उघडून बसले. जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवते. सगळं उत्तर हाती लागलं असं मुळीच नाही. पण मी काय बोलायला हवं होतं, आणि मुख्य म्हणजे काय बोलायला नको होतं, ते थोडं कळलं.

१. दोन गोष्टी, आणि दोन्ही खऱ्या

'देवाचं सार्वभौमत्व' हा शब्द जड वाटतो. साधा अर्थ असा, की देवाच्या राज्याबाहेर एकही जागा नाही. स्तोत्र ११५:३ सांगतं की देव स्वर्गात आहे आणि त्याला हवं ते तो करतो. मत्तय १०:२९ मध्ये प्रभू म्हणतो की कवडीमोलाची चिमणीसुद्धा पित्यावाचून जमिनीवर पडत नाही. इफिसकरांस पत्र १:११ तर सगळ्याच गोष्टी त्याच्या संकल्पाखाली आणून ठेवतं.

ही झाली पहिली गोष्ट. आता दुसरी. १ योहान १:५ म्हणतं की देव प्रकाश आहे आणि त्याच्यात अंधार मुळीच नाही. याकोब १:१३ सांगतं की देव कोणालाही पापाच्या मोहात पाडत नाही. अनुवाद ३२:४ मध्ये मोशे त्याला खडक म्हणतो आणि त्याच्यात अन्याय नाही असं ठामपणे गातो.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की डोकं दुखतं, आणि हे डोकं दुखणं शास्त्रालाही माहीत आहे. हबक्कूक १:१३ उघडा. संदेष्टा देवालाच विचारतो की तुझे डोळे इतके शुद्ध आहेत की दुष्टाई तुला पाहवत नाही, तर मग दुष्ट माणूस भल्या माणसाला गिळतो तेव्हा तू गप्प का बसतोस? हा प्रश्न विचारल्याबद्दल देव त्याला हाकलून देत नाही. प्रश्नासकट त्याचं पुस्तक शास्त्रात आहे.

इथं एक वचन बऱ्याच जणांना अडतं: यशया ४५:७. देव म्हणतो की प्रकाश आणि अंधार मीच घडवतो, शांती आणि अनिष्टही मीच आणतो. मग देवानंच वाईट निर्माण केलं का? इथला मूळ हिब्रू शब्द 'रा' आहे. त्याचा अर्थ नैतिक दुष्टाई असा होतो, तसाच आपत्ती, संकट असाही होतो. कुठला अर्थ घ्यायचा ते शेजारच्या शब्दावरून कळतं, आणि इथं त्याच्यासमोर 'शालोम' आहे, म्हणजे शांती, क्षेम. शांतीच्या उलट संकट. शिवाय हा अध्याय पारसाचा राजा कोरेश याला उद्देशून आहे. राज्यं उठतात आणि कोसळतात तेव्हा त्यामागे दुसरा कुठला देव नाही, हा तिथला मुद्दा आहे. त्यामुळे देव माणसाकडून पाप करवतो, असा अर्थ या वचनातून निघत नाही. पण वचन अगदी मऊ करूनही चालणार नाही. संकट आलं तेव्हा परिस्थिती देवाच्या हाताबाहेर गेली होती, असं म्हणायची सोय यशया ठेवत नाही.

मंडळीनं शतकानुशतकं या दोन्ही गोष्टी धरून ठेवल्या आहेत. १६४६ मध्ये वेस्टमिन्स्टर इथं तयार झालेला विश्वासाचा अंगीकार तिसऱ्या अध्यायात आधी म्हणतो की जे जे घडतं ते देवानं ठरवलेलं आहे, आणि लगेच जोडतो की तरीही देव पापाचा कर्ता नाही. अर्मिनियस हा डच ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक १६०९ मध्ये वारला. त्याच्या मागून जाणारे म्हणतात की देव वाईटाला परवानगी देतो, ते ठरवत नाही. कॅल्विनला नुसता 'परवानगी' हा शब्द अपुरा वाटायचा. आमच्या युथ कॅम्पमध्ये या वादावर रात्री एक-एक वाजेपर्यंत जागरणं झाली आहेत. पण एका मुद्द्यावर दोन्ही बाजू एक आहेत: देव पापाचा कर्ता नाही. भांडण सुरू करण्याआधी आपण इथं उभे राहू या.

२. सर्प कुठून आला?

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात 'चांगलं' हा शब्द किती वेळा येतो, मोजून पाहा. सात वेळा. सातव्या वेळी तर 'फार चांगलं'. आणि तिसरा अध्याय उघडला की समोर सर्प. त्याची ओळख करून दिलेली नाही. देवानं केलेल्या प्राण्यांमध्ये तो सगळ्यात धूर्त होता, एवढंच. त्याच्यात ही कपटी बुद्धी शिरली कशी, यावर एक अक्षर नाही.

आपण लगेच म्हणतो, तो सैतान, पडलेला देवदूत. यशया १४ आणि यहेज्केल २८ या अध्यायांचा आधार घेतला जातो. खरं तर तिथं बोलणं चाललंय बाबेलच्या आणि सोरच्या राजांविषयी, आणि मंडळीच्या परंपरेनं त्यात सैतानाच्या पतनाची सावली पाहिली. ते मान्य केलं तरी प्रश्न फक्त एक पायरी मागे सरकतो. चांगल्या देवानं चांगला घडवलेला देवदूत, त्याच्या मनात गर्व कुठून आला?

इथं शास्त्र गप्प आहे. पूर्वी मला ही शांतता म्हणजे उणीव वाटायची. आता वाटतं, यात एक शहाणपण आहे. एखाद्या गोष्टीचं नीट कारण सापडलं, की ती गोष्ट जगात शोभून दिसायला लागते. 'असं झालं म्हणून तसं झालं,' की मन निवांत होतं. दुष्टाईला देवाच्या जगात अशी शोभणारी जागाच नाही. ती घुसखोर आहे. बायबल तिचा जन्मदाखला देत नाही, तिचा शेवट मात्र सांगतं.

३. ऑगस्टीन आणि रस्त्यावरचा खड्डा

आजच्या अल्जीरियात ३५४ मध्ये जन्मलेला ऑगस्टीन तरुणपणी याच प्रश्नानं हैराण झाला होता. जवळजवळ नऊ वर्षं तो मानी नावाच्या गुरूच्या पंथात होता. त्यांचं उत्तर सोपं होतं: प्रकाश आणि अंधार ही दोन सनातन तत्त्वं आहेत आणि त्यांची लढाई चालू आहे. म्हणजे चांगला देव वाईटाला जबाबदार नाही, कारण वाईट त्याच्या हातातच नाही. ऐकायला बरं वाटतं. पण असा देव राजा नसतो, तो फक्त एक बाजू असतो, आणि बाजू हरूही शकते.

पुढे ख्रिस्ती झाल्यावर ऑगस्टीननं वेगळं सांगितलं. वाईट ही देवानं घडवलेली 'वस्तू' नाहीच. चांगल्यात पडलेली उणीव म्हणजे वाईट.

आपल्या भाषेत सांगायचं तर रस्त्यावरचा खड्डा. खड्डा कुठल्या कारखान्यात तयार होत नाही, तो कोणी ट्रकमधून आणून टाकत नाही. जिथं रस्ता असायला हवा तिथं तो नसणं, म्हणजे खड्डा. रस्ता नसता तर खड्डाही नसता. पण म्हणून खड्डा खोटा नाही. पावसाळ्यात टू-व्हीलर चालवणाऱ्याला विचारा. त्यात पडून माणसं मरतात.

मला या विचारानं एका बाबतीत मदत झाली. माझ्या मैत्रिणीच्या घरी भिंतीपाशी पाळणा होता, रिकामा. तिचं दुःख हा तिच्या विश्वासाचा कमकुवतपणा नव्हता. इथं काहीतरी असायला हवं होतं आणि ते नाही, याची ती साक्ष होती. ती रडत होती तेव्हा ती देवाच्या 'फार चांगलं' या शब्दाच्याच बाजूनं उभी होती.

पण उणीव आली कशी? याचं नेहमीचं उत्तर म्हणजे इच्छास्वातंत्र्य. जबरदस्तीनं प्रेम होत नाही. प्रेम करू शकणारा माणूस घडवायचा तर 'नाही' म्हणू शकणाराही घडवावा लागतो, आणि माणसानं 'नाही' म्हटलं. यात बरंच तथ्य आहे. दंगल, फसवणूक, घरात होणारी मारहाण, हे सगळं माणसाच्या हातून होतं, देवाच्या नाही. पण अकरा दिवसांच्या बाळानं काय निवडलं होतं? इथं हे उत्तर पुरत नाही, आणि पुरत नाही हे मोकळेपणानं म्हणावं.

ते पुरत नाही तिथं लोक दुसरंच काहीतरी भरतात. माझ्या मैत्रिणीच्या दारात येऊन कोणीतरी सांगून गेलं, "घरात काही पाप राहिलंय का, तपासा." लूक १३:१–५ वाचा. दोन बातम्या आहेत. पिलातानं गालीली माणसांना मारलं, म्हणजे माणसाची क्रूरता. आणि शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, म्हणजे अपघात. हे लोक जास्त पापी होते का, या प्रश्नाला येशू दोन्ही वेळा एकच उत्तर देतो: नाही. आणि मग तो ऐकणाऱ्यांना पश्चात्ताप करायला सांगतो. दुसऱ्याच्या संकटाकडे बघून आपण त्याचा हिशोब तपासायचा नाही. आपला तपासायचा.

४. योसेफ काय म्हणाला, आणि कधी म्हणाला

आता आजच्या वाचनाकडे येऊ. उत्पत्ती ५०:२० हे देवाच्या सार्वभौमत्वावरचं सगळ्यांचं आवडतं वचन. भावांनी योसेफाचं वाईट योजलं, पण देवानं त्याच गोष्टीत चांगलं योजलं, पुष्कळांचे जीव वाचावेत म्हणून.

मूळ भाषेत दोन्हीकडे एकच क्रियापद आहे: योजणे. भावांनी योजलं, देवानंही योजलं. घटना एक, हेतू दोन. देवाच्या योजनेमुळे भावांचा गुन्हा पुसला गेला नाही, आणि भावांच्या गुन्ह्यामुळे देवाची योजना अडली नाही. योसेफ "जाऊ द्या, तुम्ही काही केलंच नाही" असं म्हणत नाही. तोंडावर सांगतो की तुम्ही वाईटच योजलं होतं.

इथपर्यंत मला आधीही माहीत होतं. यावेळी मी वही घेऊन वर्षं मोजली.

योसेफ सतरा वर्षांचा असताना वीस रुप्याच्या नाण्यांना विकला गेला (३७:२, २८). फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस वर्षांचा होता (४१:४६). मग सुकाळाची सात वर्षं, दुष्काळाची दोन, आणि याकोब मिसरात आला. याकोब तिथं सतरा वर्षं जगला (४७:२८). म्हणजे बापाच्या मरणानंतर ५०:२० मधले शब्द बोलताना योसेफ सुमारे छप्पन्न वर्षांचा होता. खड्ड्यात टाकल्याला एकोणचाळीस वर्षं झाली होती.

मी माझ्या मैत्रिणीला ते तीन तासांत पाठवलं होतं.

अजून बघा. खड्ड्यात असताना योसेफ काय करत होता? ४२:२१ मध्ये भाऊच कबूल करतात की तो गयावया करत होता आणि आम्ही ऐकलं नाही. तुरुंगात त्याचे शब्द काय होते? ४०:१५ मध्ये तो सरळ म्हणतो की मला चोरून आणलंय आणि मी काहीही केलेलं नाही. तुरुंगात त्यानं अन्यायाला अन्यायच म्हटलं. 'देवाची योजना' हे शब्द त्या वेळी त्याच्या तोंडात नव्हते, आणि त्याबद्दल देव त्याला दोष देत नाही. उलट त्या तुरुंगात परमेश्वर त्याच्याबरोबर होता असं ३९:२१ सांगतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ५०:२० कोण म्हणतंय? ज्यानं सोसलं तो. कल्पना करा, भावांनीच खड्ड्याच्या काठावर उभं राहून खाली ओरडून सांगितलं असतं, "योसेफा, काळजी करू नकोस, देवाची काहीतरी चांगली योजना असेल!" शब्द खरे ठरले असते. पण त्या तोंडून, त्या वेळी, ते किती क्रूर झाले असते!

वचन खरं असणं आणि ते बोलण्याचा हक्क आपल्याला असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मला फार उशिरा कळलं.

ईयोबाच्या मित्रांचंही हेच झालं. सात दिवस सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले (२:१३). त्यांचं सगळ्यात चांगलं काम तेच. मग त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला लागले. शेवटी देव कोणावर रागावतो? ४२:७ वाचा. देवाशी भांडणाऱ्या ईयोबावर तो रागावत नाही. देवाची वकिली करणाऱ्या मित्रांवर रागावतो. आणि पहिल्या दोन अध्यायांत स्वर्गात काय घडलं ते देव ईयोबाला शेवटपर्यंत सांगत नाही. आपल्याला, वाचकांना, माहीत आहे. ईयोबाला नाही. त्याला कारण मिळालं नाही. देव स्वतः मिळाला.

५. कबरेपाशी उभा असलेला राजा

सार्वभौम देव मरणासमोर कसा उभा राहतो, हे पाहायचं असेल तर बेथानीला जावं लागतं. योहान ११. लाजराला जाऊन चार दिवस झालेत. येशूला पक्कं ठाऊक आहे की थोड्याच वेळात लाजर बाहेर येणार आहे. "सगळं चांगल्यासाठी असतं" असं म्हणण्याचा हक्क जगात कोणाला असेल तर तो त्या क्षणी त्याला होता. आणि तो रडतो.

तो नुसता रडत नाही. ११:३३ आणि ११:३८ मधल्या ज्या शब्दाचं भाषांतर आपण 'आत्म्यात व्याकूळ' अशा अर्थानं वाचतो, त्या ग्रीक शब्दात संतापाची छटा आहे. घोडा फुरफुरतो त्यासाठीही तो जुन्या ग्रीकमध्ये वापरलाय. राजा आपल्याच राज्यात शिरलेल्या मरणासमोर उभा आहे आणि त्याला राग आलाय. मरण देवाला मनापासून आवडतं म्हणून येतं, असं ज्याला वाटतं त्यानं हा अध्याय पुन्हा वाचावा.

मग येतो वधस्तंभ. इथं आपल्या दोन्ही गोष्टी एका जागी येतात. प्रेषितांची कृत्ये ४:२७–२८ मध्ये मंडळी प्रार्थना करते आणि आरोपींची नावं घेते: हेरोद, पंतय पिलात, परराष्ट्रीय, इस्राएलचे लोक. आणि त्याच दमात म्हणते की तुझ्या हातानं आधीच जे ठरवलं होतं तेच यांनी केलं. लूक २२:२२ मध्ये स्वतः प्रभू म्हणतो की मनुष्याचा पुत्र ठरल्याप्रमाणे जातोय, पण ज्याच्या हातून तो धरून दिला जातो त्याला हाय हाय! एकाच वाक्यात देवाचा संकल्प आणि यहूदाची जबाबदारी. कुठलीही एक बाजू सैल सोडलेली नाही.

जगातली सगळ्यात मोठी दुष्टाई म्हणजे निष्पापाला खिळे ठोकणं. तिथं देव सिंहासनावरून लांबून बघत नव्हता. खिळे त्याच्याच हातांत होते. सार्वभौमत्वाचा अर्थ मी आधी असा लावायची, की वर बसून दोऱ्या ओढणारा कोणीतरी. वधस्तंभ मला तसा अर्थ लावू देत नाही. माझ्या मैत्रिणीनं विचारलं होतं, "म्हणजे हे देवानं केलं?" याचं पूर्ण उत्तर माझ्याजवळ आजही नाही. पण एवढं सांगता येतं, की ज्या देवाला ती विचारत होती त्यालाही आपलं मूल पुरावं लागलं होतं.

मग मी पाठवलेलं वचन? रोमकरांस पत्र ८:२८ खोटं नाही. पण मी ते कापून पाठवलं होतं. त्याच्या आधी ८:२२ मध्ये सगळी सृष्टी कण्हतेय. ८:२३ मध्ये आपण कण्हतोय. ८:२६ मध्ये पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्यानं आपल्यासाठी विनंती करतोय. तीन कण्हण्यांनंतर ८:२८ येतं. मी कण्हणं गाळलं आणि थेट निकाल पाठवून दिला.

६. केडगावचा रस्ता

हे सगळं वाचताना मला पुणे जिल्ह्यातलं केडगाव आठवत राहिलं. पंडिता रमाबाई १८५८ मध्ये जन्मल्या. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती गेले, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १८९६–९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या तिथं गेल्या आणि उपाशी विधवांना आणि मुलींना घेऊन आल्या. त्या शेकडो जणींसाठी केडगावचं मुक्ती उभं राहिलं.

आधीचा दुष्काळ बरा झाला, म्हणून पुढे हे काम झालं, असं गणित मला मांडायचं नाही. ते मांडणं म्हणजे पुन्हा खड्ड्याच्या काठावरून ओरडणं. सांगायचंय ते इतकंच: भूक म्हणजे काय हे ज्या बाईला ठाऊक होतं, ती भुकेल्यांची कारणमीमांसा करत बसली नाही. तिनं ताट वाढलं. आणि दुःख तिथंही संपलं नाही. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. पुढच्याच वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. त्या काळातही मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करण्याचं त्यांचं काम चालूच होतं.

योसेफाची गोष्टसुद्धा शेवटी धान्याची कोठारं उघडण्याचीच गोष्ट आहे. ५०:२० नंतरचं ५०:२१ आपण सहसा वाचत नाही. तिथं योसेफ भावांना म्हणतो की घाबरू नका, तुमचं आणि तुमच्या लेकरांचं मी पोषण करीन. देवाच्या सार्वभौमत्वावर खरंच विश्वास असला की माणूस सूड घ्यायचं सोडतो आणि वाढायला लागतो.

शेवटी

साधारण वर्षभरानं मी तिच्या घरी गेले. जाताना एकही वचन पाठ करून नेलं नाही. दारातच म्हटलं, "तेव्हा तो मेसेज पाठवायला नको होता. माझं चुकलं." ती आत गेली. मी तिच्या मागून गेले. ओट्यावर भांडी पडली होती, ती घासली. तिनं चहा ठेवला. मग तिनं कपाटातून एक पिशवी काढली, त्यात बाळाची टोपडी होती. आम्ही दोघी ती घडी करत बसलो, पुन्हा उलगडत, पुन्हा घडी करत. निघताना ती म्हणाली, "अगं, पुढच्या आठवड्यात त्याचा वाढदिवस आहे. येशील?"

आता ती कधीकधी चर्चला येते. मागच्या बाकावर बसते. एक गाणं आहे, ते लागलं की उठून बाहेर जाते. मी तिला थांबवत नाही. कधी मीही बाहेर जाऊन उभी राहते.

प्रकटीकरण २१:४ सांगतं की एक दिवस देव स्वतः डोळ्यांतलं पाणी पुसेल. वरून हुकूम सोडून नाही, जवळ येऊन. त्या दिवसापर्यंत तो राजा आहे हे मी मानते. दुष्टाई त्याची नाही हेही मानते. मधली गाठ माझ्याकडून सुटत नाही. ती ज्याच्या हातात आहे त्या हातांना खिळ्यांच्या खुणा आहेत, म्हणून मी ती त्याच्याकडे ठेवू शकते.

आज विचार करा

• "देवाची इच्छा" हे शब्द मी शेवटचे कोणाला म्हटले? ते त्याच्यासाठी म्हटले, की माझीच अस्वस्थता घालवायला?

• मी स्वतः आज खड्ड्यात असेन, तर योसेफासारखं 'हा अन्याय आहे' असं देवासमोर बोलायची मला भीती वाटते का?

• या आठवड्यात कोणाच्या घरी मी काही न बोलता नुसतं जाऊन बसू शकते किंवा बसू शकतो?

प्रार्थना

प्रभू येशू, तू राजा आहेस आणि तू रडलास. दोन्ही खरं आहे. जे कळत नाही ते कळल्यासारखं बोलण्याच्या पापाची आम्हांला क्षमा कर. ज्यांच्या घरात आज रिकामी जागा आहे त्यांच्याजवळ तू बस, आणि आम्हांलाही बसायला शिकव. आमच्या तोंडाला आवर घाल, हातांना काम दे. तुझं राज्य येवो. तुझ्याच नावानं मागतो, आमेन.